चेकरचं काम पहिल्यांदाच करताय? रिजनरेटरच्या विटा रचण्यापासून त्या उतरवण्यापर्यंत

रिजनरेटरच्या (धुरातली उष्णता विटांत साठवून परत भट्टीला देणाऱ्या भागाच्या) चेंबरमध्ये मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला वाटलं होतं, हे साधं गवंडीकाम आहे. वीट उचलायची, ठेवायची, पुढची उचलायची. तिसऱ्या दिवशी मुकादमाने माझ्या हातात टॉर्च दिली आणि म्हणाला, "साहेब, विटा बघू नका, भोकं बघा." तेव्हा त्याचं म्हणणं कळलं नाही. भट्टी पेटली, चार वर्षं चालली, एका बाजूच्या चेकरची, म्हणजे जाळीसारख्या रचलेल्या विटांची, भोकं भरत गेली, तेव्हा कळलं.

काचेच्या भट्टीची दुरुस्ती निघाली आहे आणि चेकरची बाजू तुमच्याकडे आली आहे, असं धरून हे लिहितोय. ब्लास्ट फर्नेसच्या (लोखंडाच्या भट्टीच्या) स्टोव्हवर किंवा कोक ओव्हनवर असाल तरी तत्त्व हेच. स्टोव्हवर फरक कुठे पडतो ते शेवटाकडे सांगतो.

## १. चेकर करतो काय?

भट्टीतून बाहेर पडणारा धूर साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसचा असतो. तो तसाच धुराड्यात सोडला तर इंधनाची निम्म्याहून जास्त उष्णता आकाशात गेली म्हणून समजा. ती अडवायची म्हणून भट्टीला दोन चेंबर जोडलेले असतात आणि दोन्हीत जाळीसारख्या रचलेल्या विटा असतात. हाच चेकर. आधी धूर डाव्या चेंबरमधून वरून खाली जातो आणि विटा तापवतो. वीसेक मिनिटांनी दिशा फिरते, त्याच तापलेल्या विटांमधून थंड हवा खालून वर चढते आणि १२०० अंशांच्या वर तापून भट्टीत शिरते. तोवर धूर उजवीकडचा चेकर तापवत असतो. पुन्हा उलट. वर्षानुवर्षं, दिवसाला साधारण ७० वेळा.

ही कल्पना बरीच जुनी आहे. उष्णता साठवून परत वापरायची युक्ती रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ च्या पेटंटमध्ये मांडली होती. भट्टीसाठी ती फ्रेडरिक सीमेन्सने १८५६ मध्ये पेटंट केली आणि पुढच्याच वर्षी काउपरने ब्लास्ट फर्नेसच्या स्टोव्हला लावली. तेव्हाच्या आणि आजच्या चेकरमध्ये विटेचा माल बदलला, आकार बदलला, तत्त्व बदललेलं नाही.

एक हिशेब डोक्यात ठेवा, पुढे बऱ्याच गोष्टी त्यावरून आपोआप कळतात. वीस मिनिटांत उष्णता मॅग्नेसाइटच्या (मुख्यतः मॅग्नेशियाच्या, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या) विटेत ढोबळमानाने तीन-साडेतीन सेंटीमीटर आत जाते. विटेची भिंत ४० मिलिमीटर जाड असेल आणि दोन्ही बाजूंनी तापत असेल, तर ती गाभ्यापर्यंत कामाला येते. तीच भिंत दुप्पट-तिप्पट जाड केली, तर मधला भाग नुसतं वजन म्हणून उभा राहतो. म्हणूनच नवे चेकर पातळ भिंतीचे असतात. आणि म्हणूनच "जरा जाड वीट लावू, टिकेल" असं कुणी साइटवर सुचवलं तर ऐकू नका.

## २. ड्रॉइंगवर रंगीत पेन्सिलीने पट्टे ओढा

एका चेकरमध्ये वरपासून खालपर्यंत एकच वीट नसते. का नसते हे कळलं, की विटा मिसळण्याची चूक तुमच्या हातून होणार नाही. मी ड्रॉइंगच्या प्रतीवर चार रंग भरतो आणि ती प्रत चेंबरच्या दाराशी लावतो.

सगळ्यात वरचे थर. इथे तापमान सर्वांत जास्त आणि भट्टीतून उडून येणारी कच्च्या मालाची धूळ थेट पडते. इथे ९५ टक्क्यांच्या वर मॅग्नेशिया असलेली चांगली मॅग्नेसाइट वीट लागते. धुळीतली वाळू मॅग्नेशियाला खाते. दोघांपासून फॉर्स्टेराइट नावाचं नवं खनिज तयार होतं, वीट फुगते आणि तिचे पापुद्रे सुटतात.

त्याखालचा पट्टा. अजूनही मॅग्नेसाइटच, पण इथे धूळ कमी असते. जुन्या, जड तेलावर चालणाऱ्या भट्ट्यांमध्ये तेलातलं व्हॅनेडियम विटेतला चुन्याचा बंध सोडवतं, म्हणून तिथे चुना कमी असलेली वीट मागतात.

मधला, सल्फेटचा पट्टा. खरी डोकेदुखी इथेच आहे. काचेतल्या सोड्याची वाफ आणि धुरातला गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं. साधारण ११०० ते ८०० अंशांच्या दरम्यान ते विटेवर जमतं. त्याचा वितळणबिंदू ८८४ अंश, त्यामुळे दर फेऱ्यात या पट्ट्यातल्या काही थरांवर ते वितळतं, गोठतं, परत वितळतं. साधी मॅग्नेसाइट इथे आतून पोकळ होत जाते. पूर्वी इथे मॅग्नेसाइट-क्रोम लावत. त्या विटेतला क्रोम अल्कलीबरोबर (सोड्यासारख्या क्षारांबरोबर) विषारी रूप घेतो, त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी मॅग्नेशिया-झिरकॉन किंवा त्या जातीची वीट असते.

तळ. ८०० अंशांच्या खाली फायरक्लेची (उष्णता सोसणाऱ्या मातीची) किंवा हाय अलुमिनाची वीट पुरते. अंगावर सगळ्या चेकरचं वजन घेणं हे त्यांचं मुख्य काम.

मॅग्नेसाइट वर का, याचं आणखी एक कारण आहे. तितक्याच जागेत ती फायरक्लेच्या जवळजवळ दीडपट उष्णता साठवते. महागडी वीट खालीही लावली तर बरं, असं मात्र नाही. तळाशी ओल आणि वाफ असते, आणि मॅग्नेसाइटचं ओलीशी मुळीच पटत नाही.

## ३. हाताशी काय काय हवं

कागद:

- चेंबरचं मंजूर ड्रॉइंग, शेवटच्या सुधारणेसकट. सुधारणेचा क्रमांक विटांच्या यादीशी जुळतो का ते बघा. माझ्या दुसऱ्या कामावर तो जुळत नव्हता आणि एका आकाराच्या दोनशे विटा कमी निघाल्या.
- आकारवार विटांची यादी, प्रत्येक आकाराच्या थोड्या जास्तीच्या नगांसह. तुटणार हे गृहीत धरायचं.
- मालाचे चाचणी दाखले: रासायनिक पृथक्करण, घनता, सच्छिद्रता, थंड दाबबळ, भाराखाली उष्णता सहन करण्याची क्षमता.
- प्रसरणासाठी सोडायच्या जागांचा तक्ता.
- तापवण्याचा आलेख.
- बंद जागेत कामाचं परमिट आणि वायू तपासणीची नोंदवही.
- एक साधी वही, थराथराची नोंद करायला. हिचं महत्त्व शेवटी कळेल.

हत्यारं: ओळंबा, पाणसळ, लेझर लेव्हल मिळाली तर उत्तम, गुण्या, सूतदोरी, रबरी हातोडा, स्टीलची पट्टी, फीलर गेज, हिरा-पात्याचं कटर (चेंबरबाहेर ठेवायचं), जोरदार टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, व्हॅक्युम क्लीनर. शिवाय एक लाकडी ठोकळा, भोकापेक्षा चारेक मिलिमीटर लहान कापलेला, दोरीला बांधलेला. त्याचं काम पुढे येतंच.

थापी आणि मॉर्टरचं घमेलं या यादीत मुद्दाम नाही. भिंतींना आणि रायडर आर्चला (चेकरखालच्या कमानींना) मॉर्टर लागतं. चेकर कोरडा रचतात.

## ४. विटा गाडीतून उतरताना

मॅग्नेसाइट पाणी पिते आणि फुगते. आत हायड्रॉक्साइड तयार होतं, आकारमान वाढतं, वीट भेगाळते आणि शेवटी भुसभुशीत होते. वरून पाहिलं तर वीट अगदी ठणठणीत दिसते.

एका कामात तीन पॅलेटचं प्लास्टिक फाटलेलं होतं. वाटेत पाऊस लागला असावा. वरच्या विटा वाळल्या होत्या, रंगही नेहमीचा. सहज म्हणून मी एका विटेच्या कडेवरून अंगठा घासला तर पांढरी पिठी लागली. हातोड्याने हलकं वाजवलं. शेजारच्या पॅलेटची वीट खणखणत होती, ही बद्द वाजली. तिन्ही पॅलेट बाजूला काढले. पुरवठादार दोन दिवस वाद घालत होता, पण एक वीट अर्धी कापून समोर ठेवल्यावर बोलणं संपलं.

तेव्हा:

- पॅलेट छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवा. ताडपत्री म्हणजे छप्पर नव्हे, ताडपत्रीखाली घाम धरतो.
- लागेल तेवढंच प्लास्टिक फाडा.
- प्रत्येक पॅलेटमधल्या काही विटा मोजा: उंची, चारी बाजू, भोकाचं माप. उंचीवर जास्त लक्ष द्या, कारण तीच चूक थरागणिक साठत जाते.
- जात ओळखायला रंगावर जाऊ नका. मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशिया-झिरकॉन धूळ बसल्यावर सारख्याच दिसतात. पॅलेटवर मोठ्या अक्षरात पट्ट्याचा रंग मारा, ड्रॉइंगवर भरलात तोच.

## ५. चेंबरमध्ये उतरण्याआधी

दुसऱ्या बाजूची भट्टी किंवा शेजारचं धुराडं चालू असेल, तर तुमच्या चेंबरमध्ये वायू येऊ शकतो. मार्ग नुसता बंद करून भागत नाही, तो तोडून पत्रा ठोकून वेगळा करा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही, हे तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि ही तपासणी दर पाळीला व प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर करायची. दाराशी एक माणूस कायम. तो चहाला गेला की आतले सगळे बाहेर.

जुना चेकर काढलेला असेल तर मलब्यात पिवळे डाग दिसतात का बघा. मॅग्नेसाइट-क्रोम विटांवरचा तो पिवळेपणा म्हणजे विषारी क्रोम, कर्करोगाचं कारण. कोरडा झाडू मारायचा नाही, हातमोजे आणि चांगला मास्क लावायचा, मलबा वेगळा भरायचा. क्राउनच्या (वरच्या छताच्या कमानीच्या) सिलिका विटांची धूळही फुप्फुसाला तितकीच वाईट. रुमाल बांधून भागत नाही.

## ६. रायडर आर्च: पातळी इथेच ठरते

सगळा चेकर ज्या कमानींवर बसतो त्या रायडर आर्च. त्यांच्या मधल्या फटींतून हवा-धूर ये-जा करतात. कमानीच्या डोक्यावर सपाट विटा बसवून पातळी काढतात आणि तिच्यावर पहिला थर येतो.

ही पातळी एका मिलिमीटरच्या आत आणण्यासाठी एक अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या. लोक म्हणतील, "चालतंय, वरती काढून घेऊ." वरती निघत नाही. चेकर कोरडा असतो, सांधा जाड-बारीक करून पातळी दुरुस्त करायला मॉर्टरच नसतं. वीट घासून पातळ करायची म्हटली तर किती घासणार? सपाट विटांचा माथाच घासून, तपासून घ्यायचा. कमानीचं मॉर्टर पूर्ण वाळू द्या आणि खालचे आधार काढून कमान किती बसली ते मोजून मगच पुढे जा. आधार असताना काढलेली पातळी म्हणजे कागदावरची पातळी.

## ७. चेकर रचणं

चेकरचे बरेच प्रकार आहेत. साध्या चौकोनी विटा चटईसारख्या विणून रचतात, तो जुना प्रकार. अधिक चिन्हासारख्या आकाराच्या ओतीव विटा असतात. सध्या काचेच्या भट्ट्यांमध्ये तुमची गाठ बहुधा अष्टकोनी नळीच्या विटेशी पडेल. तिला चिमणी ब्लॉक म्हणतात. मी तिचंच सांगतो.

या विटेची गंमत अशी, की खालच्या थरातल्या चार विटांच्या कोपऱ्यांवर वरची एक वीट बसते. म्हणजे खाली जिथे चार विटांमधली मोकळी जागा आहे, तिथे वर विटेचं भोक येतं. आणि खाली जिथे विटेचं भोक आहे, तिथे वर चार विटांमधली जागा येते. दोन्ही मिळून सरळ उभी नळी तयार होते. भोक साधारण १४० ते १७० मिलिमीटरचं असतं.

पहिला थर. चेंबरची मध्यरेषा काढा, भिंतीवरून मापं घेऊ नका. भिंती कधीच सरळ नसतात. मध्यरेषेपासून दोन्हीकडे सूत धरून कोरड्या विटा मांडून बघा, चारी बाजूंना किती जागा उरते ते खडूने लिहा, ड्रॉइंगशी ताडून पाहा. पटलं तरच कायम करा.

पुढचे थर. प्रत्येक वीट ठेवताना खालच्या चारी कोपऱ्यांवर ती नीट टेकली आहे ना ते बघायचं. दोन बोटांनी समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगली तर खाली खडा किंवा विटेची कच आहे. उचला, पुसा, परत ठेवा. डुगडुगणाऱ्या विटेखाली पत्र्याची चकती सारणारा माणूस दिसला तर त्याच दिवशी त्याला चेंबरबाहेर काढा.

सरकण्याचा हिशेब. वीट १५० मिलिमीटर उंच आणि चेकर ७.५ मीटरचा, म्हणजे ५० थर. प्रत्येक थर एकाच दिशेला एकच मिलिमीटर सरकला तरी वर पोहोचेपर्यंत पाच सेंटीमीटर होतात. डोळ्याला काही दिसत नाही, भोकही शाबूत. पण पॅक, म्हणजे रचलेला अख्खा चेकर, एका भिंतीला चिकटलेला असतो आणि प्रसरणासाठी सोडलेली जागा तिथे संपलेली असते. म्हणून दर पाच थरांनी चारी कोपऱ्यांत ओळंबा सोडा आणि वहीत आकडा लिहा. "ठीक" असं लिहू नका, मिलिमीटर लिहा.

पट्टा बदलताना. एक जात संपून दुसरी सुरू होते त्या थराला काम थांबवा. उरलेल्या जुन्या जातीच्या विटा चेंबरबाहेर काढा, मगच नवे पॅलेट आत घ्या. मिसळ होते ती नेहमी याच थराला, आणि नेहमी रात्रपाळीत.

भोकं झाका. काम चालू नसलेल्या भागावर प्लायवुड टाका. ज्या भोकात काही पडलं ते त्याच क्षणी सांगायचं, शिक्षा नाही, हा नियम पहिल्या दिवशी जाहीर करा. शिक्षेच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि हातमोजा दहा वर्षं आत बसतो. खरं म्हणजे हातमोजा जळून जातो. जळत नाही ते मॉर्टर. भिंतीचं काम आणि चेकरचं काम एकाच वेळी वरखाली चालू असताना मॉर्टरचा लगदा भोकात गळतो आणि कडेला चिकटून कडक होतो. पुढे त्याच उंबऱ्यावर सल्फेट आणि धूळ धरते. भिंत आधी पूर्ण करून घ्या आणि चेकर नंतर सुरू करा. वेळापत्रक बनवणाऱ्याशी यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

ठोकळा. दर दहा थरांनी तो दोरीचा ठोकळा प्रत्येक भोकात सोडायचा. प्रत्येक. तो अडला तर लगेच दहा थरांच्या आत अडथळा सापडतो. पन्नास थर झाल्यावर अडला तर काय करणार?

## ८. जागा सोडणं

मॅग्नेसाइट १४०० अंशांपर्यंत साधारण दोन टक्क्यांच्या जवळपास वाढते. ३ मीटर रुंद पॅक वरच्या थरात साडेपाच-सहा सेंटीमीटर पसरू पाहतो. फायरक्लेची वाढ १००० अंशांना साधारण अर्धा-पाऊण टक्का. म्हणजे तळाला कमी जागा आणि वर जास्त. तक्त्यात पट्ट्यानुसार आकडे बदलतात ते यामुळे. कुणी "सगळीकडे सारखीच ठेवू" म्हणालं तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

सोडलेल्या जागेत ड्रॉइंगमध्ये सांगितलं असेल तेवढंच ठेवायचं: जळून जाणारी पाचर, पुठ्ठा, जे असेल ते. "गॅस बाजूने निसटेल" म्हणून तिथे विटांचे तुकडे ठोसणारे भेटतात. तापल्यावर तो पॅक भिंत बाहेर ढकलतो आणि भिंतीला पोट येतं.

आणखी एक सापळा चेकरच्या वर असतो. क्राउन सिलिकाचा आणि भिंत मॅग्नेसाइटची असेल तर त्या दोन विटा एकमेकींना थेट टेकू द्यायच्या नाहीत. गरम अवस्थेत त्या एकमेकींना खातात. मधे झिरकॉनसारखा तटस्थ थर असतो. तो ड्रॉइंगवर पातळ रेघेसारखा दिसतो आणि म्हणूनच विसरला जातो.

## ९. टॉर्चची परीक्षा

शेवटचा थर झाला की एक माणूस वर, एक खाली रायडर आर्चखाली आरसा घेऊन. वरचा टॉर्च एकेका भोकावर धरतो, खालचा आरशात बघून "पूर्ण", "अर्धं" किंवा "बंद" असं ओरडतो. तिसरा नकाशावर खूण करतो. कंटाळवाणं काम आहे, चार-चार तास जातात. मी स्वतः खाली बसतो. पूर्ण उजेडाचा चौकोन आणि कडेने खाल्लेला चौकोन यातला फरक पहिल्या दहा भोकांत डोळ्यात बसतो, मग चूक होत नाही.

त्यानंतर तळ व्हॅक्युमने साफ, हत्यारं मोजून बाहेर, थर्मोकपल (तापमान मोजणारे) जागेवर, आणि मग दार विटांनी बंद.

## १०. तापवणं

आलेख पुरवठादार देतो, तो पाळायचा. का पाळायचा तेवढं सांगतो. सिलिकाच्या क्राउनची जवळजवळ सगळी वाढ पहिल्या ६०० अंशांतच होते. दोन-अडीचशे अंशांच्या आसपास आणि मग ५७३ अंशांना तिच्या स्फटिकांची रचना बदलते. या टप्प्यात घाई केली तर वीट तडकते. क्राउनचे टाय रॉड (आवळून धरणाऱ्या सळया) सैल करत जाणारा माणूस सतत जागेवर हवा आणि तो दर तासाला वाढ लिहीत असायला हवा. चेकर त्या मानाने सोशिक आहे, पण दोन्ही चेंबर सारखे तापायला हवेत. गरम वायूचा मोठा वाटा एकाच बाजूने ओढला गेला तर दुसरी बाजू थंड राहते, ज्वलनातली वाफ तिथे घाम धरते, आणि मॅग्नेसाइट व ओल यांचं वैर तुम्ही वाचलंच आहे.

## ११. चालू भट्टीत काय बघायचं

रिव्हर्सलचा (दिशा फिरवण्याचा) क्रम ठरलेला: इंधन बंद, वाल्व्ह फिरला, हवा स्थिर झाली, दुसऱ्या बाजूचं इंधन सुरू. मधे मिनिटभर भट्टीत ज्वाळा नसते. हा वेळ हळूहळू वाढत असेल तर वाल्व्ह अडखळतोय.

रोज एकाच वेळी, रिव्हर्सलच्या एकाच क्षणी (मी फिरवण्याआधीचं शेवटचं मिनिट घेतो) या गोष्टी लिहा: दोन्ही चेंबरचं वरचं आणि खालचं तापमान, भट्टीचा दाब, चिमणीचा डॅम्पर (झडप) किती टक्के उघडा, धुरातला प्राणवायू. एकेका आकड्यात फारसं काही नसतं. दोन बाजूंमधला फरक आणि महिन्यांचा कल बोलतो.

- डॅम्पर महिन्यामहिन्याने जास्त उघडावा लागतोय आणि दाब तरीही चढतोय: चेकर भरतोय.
- तळाचं तापमान एका बाजूला चढतंय: काही भोकं बंद, धूर उरलेल्यांतून जोरात जातोय आणि विटांना द्यायची उष्णता न देताच खाली येतोय. रायडर आर्चला धोका.
- वरचं तापमान पडलंय आणि प्राणवायू वाढलाय: भिंतीच्या भेगेतून बाहेरची हवा शिरतेय. चेकरवर संशय घेण्याआधी भेगा बुजवा.

महिन्यातून एकदा आरसा काढा. चेंबर हवेच्या फेऱ्यावर असताना, धुराच्या कधीही नाही, तळाच्या झरोक्यातून वर बघा. उघडी भोकं पेटत्या चौकोनांसारखी दिसतात, बंद असलेली काळी. टॉर्चच्या परीक्षेचा नकाशा शेजारी ठेवून खुणा करा. आडव्या ज्वाळेच्या भट्टीत, कच्चा माल पडतो त्या तोंडाजवळच्या पहिल्या पोर्टखाली (पोर्ट म्हणजे चेंबर आणि भट्टी जोडणारा मार्ग) काळे चौकोन आधी दिसू लागतात, कारण धूळ तिथेच जास्त उडते.

## १२. चोक झालाच तर

आधी मूळ बघा. कच्चा माल फार कोरडा किंवा बारीक झालाय का, पहिल्या पोर्टची ज्वाळा ढिगावर आपटतेय का. हे न सुधारता केलेली सफाई दोन-तीन महिन्यांची पाहुणी.

सल्फेट असेल तर खालून बर्नर लावून चेकरचा मधला भाग तापवतात आणि साठलेलं मीठ वितळून खाली गळतं. धूळ असेल तर लांब नळीने दाबाची हवा मारतात. दोन्ही कामं अनुभवी चमूची. पहिल्यांदा करताना स्वतः प्रयोग करू नका. वितळलेलं सल्फेट तळाशी पडलं की ते गोठण्याआधी बाहेर काढायची सोय असते का, एवढा प्रश्न तुम्ही नक्की विचारा. एका ठिकाणी तो कुणी विचारला नव्हता आणि सगळं मीठ धुरमार्गाच्या तळावर दगड होऊन बसलं होतं.

## १३. स्टोव्हवर असाल तर

ब्लास्ट फर्नेसच्या स्टोव्हमध्ये चेकर कितीतरी उंच असतो आणि विटा बहुधा षटकोनी, अनेक भोकांच्या, एकमेकींत अडकणाऱ्या. पुष्कळ स्टोव्हमध्ये खाली कमानींऐवजी ओतीव लोखंडाची जाळी आणि खांब असतात, त्यामुळे तळाचा धूर साधारण ३५० ते ४०० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. धूळ आणि सल्फेटचा त्रास काचेइतका नसतो. घुमटाजवळचे थर सिलिकाचे असतील तर ते एकदा तापवल्यावर ६०० अंशांच्या खाली आणायचेच नाहीत, बंद काळातही गरम ठेवायचे. आणि तिथल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड पाचवा हिस्सा किंवा जास्त असतो, तेव्हा पाचव्या पायरीतला प्रत्येक शब्द दुप्पट वजनाने वाचा.

## १४. चेकर उतरवताना

पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा जुना चेकर फावड्याने ओढून काढायची घाई असते. प्रत्येक पट्ट्यातली एक वीट तरी अख्खी काढून घ्या, तिच्यावर थर क्रमांक आणि जागा खडूने लिहा, मधोमध कापा. पापुद्रा किती खोल गेलाय, गाभा पोकळ आहे का, भोकात काय आणि किती जाड साठलंय ते पट्टीने मोजा आणि त्या थराथराच्या वहीशेजारी मांडा. ज्या थराला ओळंब्याचा आकडा बिघडलेला लिहिला होता, तिथली वीट मी आधी शोधतो.